आम्ही रिफ्लेक्टर धरतों

सकाळीं साडेसातचा सुमार होता. सावित्रीच्या कांठीं, हातांत चंदेरी कापडाची एक भली मोठी वाटोळी तबकडी घेऊन, सूर्याकडे तोंड करून आम्ही उभे होतों. समोर दहाएक हातांवर एक तरुण जोडपें होतें. त्याचा विवाह पुढल्या महिन्यांत व्हावयाचा होता, आणि विवाहापूर्वीं एकमेकांकडे सहज, नकळत, लाजून कसें पाहिलें जातें, हें तें आठव्यांदा करून दाखवीत होतें. ‘मामा, थोडं डावीकडे. अजून थोडं. आतां हलूं नका,’ अशी आज्ञा झाली, आणि आम्ही हललों नाहीं. वर्गांतल्या मुलांना ‘हलूं नका’ म्हणण्यांत ज्याच्या आयुष्याचीं एकतीस वर्षें गेलीं, त्याला उतारवयांत तेंच वाक्य ऐकून घ्यावें लागावें, ह्यांत दैवाचा कांहीं न्याय असलाच पाहिजे.

ती तबकडी म्हणजे रिफ्लेक्टर. सूर्य पाठीमागें असला म्हणजे माणसाचें तोंड काळवंडतें. तेव्हां समोरून त्याच सूर्याचा उजेड त्याच्या तोंडावर परतवावयाचा, इतकेंच तिचें काम. वारा सुटला म्हणजे ती शिडासारखी फुगते आणि धरणाऱ्याला आपल्याबरोबर नेऊं पाहते. काम संपल्यावर तिला एक विशिष्ट पीळ दिला म्हणजे ती तिसऱ्या हिश्शाएवढी होऊन पिशवींत जाऊन बसते. हा पीळ आमच्या भाचीला बोलतां बोलतां देतां येतो. आम्हांस तो अद्याप साधलेला नाहीं.

भाची आमच्या थोरल्या बहिणीची. वय सव्वीस. मुंबईस शिकून, तेथें तीन वर्षें दुसऱ्यांच्या हाताखालीं राबून ती महाडास परत आली आणि बाजारपेठेंत एका घराच्या माडीवर तिनें आपला धंदा मांडला. लग्नें, लग्नाआधींचीं चित्रें, साड्यांच्या व दागिन्यांच्या दुकानांचीं जाहिरातचित्रें, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत मैत्रिणींना नटवून स्वतःच्या समाधानासाठीं काढलेलीं चित्रें, असा तिचा पसारा आहे. तिचा मदतनीस लग्नसराईंत अधिक पैशांवर मुंबईस पळाला, तेव्हां ‘मामा, नुसतं धरून उभं राहायचं,’ ह्या शब्दांनीं आमची नेमणूक झाली. पगार नाहीं. भत्ता म्हणून चहा मिळतो, तोहि दुसऱ्यांच्या घरचा.

आमच्या पिढीला फोटो म्हणजे एक संस्कार होता. मागें रंगविलेला पडदा, त्यावर कोणत्या तरी सरोवरांत पोहणारीं हंसांचीं जोडपीं, बाजूला तिवईवर कागदी फुलें, आणि काळ्या कापडाखालून डोकें बाहेर काढून हनुवटी दोन बोटांनीं सरळ करणारा तो गंभीर इसम. त्याच्यापुढें हंसण्याची कोणाची छाती नव्हती. महाडच्या पंचक्रोशींत घरोघरीं भिंतीवर असे फोटो असत, आणि त्यांत पुष्कळ गणवेशांतले असत. फौजी आंबवडें हें गांव ह्याच तालुक्यांतलें. त्याच्या नांवांतच फौज आहे. पलटणींत गेलेल्या मुलाचा फोटो आणि मनीऑर्डर ह्या दोन वस्तूंवर आईबापांनीं वर्षें काढावयाचीं, अशी इकडची जुनी रीत. पोलादपुराकडे पलटणीच्या जागीं मुंबईची गिरणी किंवा गोदी असे, एवढाच काय तो फरक.

तेव्हां भाचीनें हा धंदा पत्करला त्या वेळीं घरांत जें कांहीं बोललें गेलें, त्यांत आमचाहि वांटा होता, हें प्रांजळपणें कबूल करतों. मुलीनें पहांटे घाटांत जावें, अनोळखी माणसांना ‘जवळ या’ म्हणावें, आणि ह्याला व्यवसाय म्हणावें, हें आमच्या गळीं उतरेना. आम्हीं तिला इतिहास सांगून पाहिला. १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु नारायण दाजी हे आपल्याकडील अगदीं आरंभींच्या छायाचित्रकारांपैकीं एक. दादासाहेब फाळक्यांनीं सिनेमाच्या कितीतरी आधीं गोध्र्यास फोटोचें दुकान घातलें होतें, आणि प्लेगांत बायको व मूल गेल्यावर तें सोडलें. आमचा हेतु असा कीं, ही थोरामोठ्यांची कला आहे, नटवानटवीची नव्हे, हें तिला पटावें. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि गौतम राजाध्यक्षांचा ‘चेहरे’ हा संग्रह आमच्यापुढें उघडून ठेवला. राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर, नंतर जाहिरातीच्या कचेरींत गेलेले, आणि पुढें २०११ सालीं वारले तोंवर नटनट्यांना नटवून त्यांच्या मुद्रा टिपण्यांत हयात घालविलेले. तीं पानें उलटतां उलटतां आम्ही निरुत्तर झालों. नटविलेल्या चेहऱ्यांतहि माणूस सांपडतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

परंतु भाचीचें खरें वेड चेहऱ्यांचें नव्हे, कापडाचें आहे. दुपारीं दोनच्या सुमारास आळींत बोहारणीची हांक आली कीं ही हातांतलें काम टाकून खालीं धांवते. बोहारीण जुनीं लुगडीं घेऊन भांडीं देते, हा व्यवहार सर्वांस ठाऊक आहे. हिनें तो उलटा फिरविला. भांड्यांकडे न पाहतां ही गांठोड्याकडे पाहते. गांठोडें सोडवून, एकेक घडी उलगडून, उजेडांत धरून, बोटांनीं पोत चाचपून ती पायरीवर तासन् तास बसते. एकदां तींतून एक गर्द हिरवें इरकली लुगडें निघालें. अंग सुती, पदर रेशमाचा, तांबड्यावर पांढऱ्या नक्षीचा. इरकली लुगड्याच्या अंगाचे धागे व पदराचे धागे निरनिराळे असून ते मागावरच फांसे घालून एकमेकांस जोडतात. तो जोड तिनें आम्हांस बोट ठेवून दाखविला. आमच्या आईचीं असलीं चार लुगडीं होतीं. त्यांचा जोड आम्हीं जन्मांत पाहिला नव्हता. त्या दिवशीं तीन जुन्या लुगड्यांच्या बदल्यांत आमच्या घरच्या पांच चांगल्या साड्या बोहारणीच्या गांठोड्यांत गेल्या, ही गोष्ट आमच्या मंडळींना आठवड्यानें कळली. त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

अशा रीतीनें तिच्या माडीवर दोन ट्रंका भरल्या आहेत. गुळेदगुड्डाचे खण, जर काळवंडलेले शेले, कोणा वकिलाचा असावा असा एक काळा अलपाकाचा कोट, गुजरी बाजारांतल्या नथा, वाळे, गोट. हें सर्व ती आजच्या मुलींच्या अंगावर अशा मेळानें चढविते कीं पहिल्या दर्शनीं आम्ही हबकतों. नऊवारीखालीं कॅनव्हासचे बूट! आम्हीं एकदां नापसंती दर्शविली, तेव्हां ती म्हणाली, ‘मामा, आजोबा धोतरावर कोट आणि पायांत पंपशू घालत, तें तुम्हांला कधीं खटकलं नाहीं तें?’ हिला शाळेंत आम्हीं शिकविलें नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें.

प्रवास म्हणाल तर तो मुख्यतः तिच्या स्कूटरच्या मागच्या बैठकीवरून, मांडीवर कॅमेऱ्याची पेटी व काखेंत तबकडी घेऊन. गिऱ्हाइकांना रायगड हवा असतो. पण तेथें पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, शिवाय ज्या जागीं राज्याभिषेक झाला तेथें नवरानवरीनें एकमेकांच्या गळ्यांत पडावें हें लोकांना रुचत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तिलाहि रुचत नाहीं. ती त्यांना वरंधा घाटांत नेते, पोलादपुरापुढें आंबेनळीच्या वळणांवर नेते, नाहीं तर तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठकडच्या शेतांत. श्रावणभाद्रपदांत ढगांतून गाळून आलेला जो उजेड ह्या डोंगरांत पसरतो, त्याच्यासारखा उजेड नाहीं असें तिचें मत. गिऱ्हाइकांना मात्र ऊनच पाहिजे असतें. ढग पैसे बुडवितात असें त्यांना वाटतें.

एका जागीं ती कधींच थांबत नाहीं. सावित्रीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एस्. टी. च्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. पुढल्या वर्षीं तेथें नवा पूल झाला. पावसाळ्यांत त्याखालून तांबडें पाणी घोंघावत जातें, व तें चित्रांत फार खुलून दिसेल असें एका मुंबईकर जोडप्यानें तिला सुचविलें. तिनें स्कूटरचा वेग वाढविला. मागून त्यांची मोटार आली. पुलापलीकडे एक मैल गेल्यावर तिनें त्यांना एक आंब्याचें झाड दाखविलें आणि तेंच किती सुंदर आहे हें पटवून दिलें.

पाण्याचा आणि तिच्या धंद्याचा संबंध ह्याहून निकटचा आहे. २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत पूर आला, त्या वेळीं बाजारपेठेंत पुरुषभर पाणी होतें. त्याच दिवशीं तळिये येथें दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांतहि केवनाळें व साखर-सुतारवाडी येथें दरडी पडल्या. भाची त्या सालीं अजून मुंबईस शिकत होती. पाणी ओसरल्यावर ती आली. आम्हीं सर्वांनीं घरांतला चिखल काढला. तिच्याकडे मात्र लोक निराळेंच कांहीं घेऊन येऊं लागले: चिखलानें एकमेकांस चिकटलेल्या फोटोंचे गठ्ठे. कोणी पिशवींत, कोणी टोपलींत, कोणी पदरांत. फोटो उन्हांत वाळवूं नका, वाळले कीं सुटत नाहींत. ओलेच राहूं द्या, हें ती दारोदार सांगत सुटली. मग स्वच्छ थंड पाण्याच्या घमेल्यांत एकेक गठ्ठा भिजत घालावयाचा, नखानें नव्हे तर पाण्याच्याच दाबानें तो सुटूं द्यावयाचा, आणि माडीवर दोऱ्या बांधून त्यांवर चिमट्यांनीं टांगावयाचा. रात्रीं त्या माडीवर गेलें म्हणजे दोऱ्यांवरून अर्धेमुर्धे चेहरे लोंबकळत असत: एखाद्याचे डोळे गेलेले, एखाद्या नवरीचें नुसतें बाशिंग उरलेलें. बरेचसे वांचले नाहींत. जे वांचले त्यांच्या तिनें प्रती करून दिल्या आणि पैसे घेतले नाहींत. हा धंदा हिला करूं द्यावा असें आमच्या बहिणीनें त्याच महिन्यांत ठरविलें. आज तिचें दुकान तळमजल्यावर नसून माडीवर आहे आणि तिच्या सर्व कामाची एक प्रत मुंबईस मैत्रिणीच्या घरीं असते, त्याचें कारण हें.

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो सांगतों.

गेल्या फाल्गुनांत एक तरुण भाचीकडे आला. महाड तालुक्यांतल्याच एका गांवचा, पुण्यास नोकरीला. त्याचें लग्न ठरलें होतें, आणि लग्नापूर्वींचें चित्र त्याला चवदार तळ्यावर काढावयाचें होतें. त्याचे पणजोबा २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग त्या तळ्यावर पाणी प्याले, असें त्याच्या घरांत सांगत आले आहेत. तो स्वतः निळा सूट घालणार होता. वधूसाठीं मात्र कांहीं जुनें, इकडल्या मातींतलें हवें, असें त्यानें सुचविलें. भाचीला ह्याहून अधिक काय पाहिजे? तिनें ट्रंका उघडल्या. तें हिरवें इरकली लुगडें, कामकरी बायका नेसत तसें गुडघ्यापर्यंत उंच नेसविलेलें, दोन्ही हातांत कोपरापर्यंत गोट, गळाभर गळसऱ्या, आणि कमरेवर तांब्याची घागर. असें चित्र तिनें मनांत पक्कें केलें, कागदावर काढलें, आणि आम्हांसहि तें फार आवडलें.

सकाळीं तळ्यावर जाण्यापूर्वीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. पडवींत वधूला नेसविण्याचें काम चाललें होतें. एवढ्यांत आंतून मुलाची आजी आली. ऐंशीच्या घरांतली, काठीच्या आधारानें चालणारी, पण नजर तीक्ष्ण. तिनें नातसुनेकडे पायांपासून वर पाहिलें. गुडघ्यावर नजर थांबली. मग हातांतल्या गोटांवर.

‘हें काढ गो,’ ती म्हणाली.

भाचीनें नम्रपणें सांगितलें, ‘आजी, हें आतां फॅशनमध्यें आलंय. फार सुंदर दिसतं फोटोंत.’

‘तुमच्यांत आतां आलं असंल,’ म्हातारी म्हणाली. ‘आमच्यांतनं माझ्या आयनं काढलं.’

मग ती पायरीवर बसली आणि तिनें सांगितलें. १९२७ च्या डिसेंबरांत महाडास सत्याग्रह परिषद भरली होती, मनुस्मृति जाळली ती. परिषद संपल्यावर बाबासाहेबांनीं बायकांची वेगळी सभा घेतली. त्या सभेंत हिची आई होती, तेरा-चवदा वर्षांची. लुगडें कसें नेसतां तें बदला. गुडघ्यावर नेसणें, हातभर गोट आणि गळाभर गळसऱ्या घालणें ह्या तुमच्या ओळखण्याच्या खुणा होऊन बसल्या आहेत, त्या टाका. ठिगळाचें नेसा, पण स्वच्छ नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ. बायकांनीं तो उद्यांवर ठेवला नाहीं; लगोलग लुगडीं घोट्यापर्यंत सोडून नेसूं लागल्या. हिच्या आईनें हातांतले गोट उतरविले ते पुन्हां मरेपर्यंत घातले नाहींत.

आम्ही तबकडी हातांत घेऊन दाराशीं उभे होतों. आमचा जन्म महाडांत गेला. तळें आम्हीं रोज पाहिलें; १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत बोले ह्यांचा ठराव झाला, पुढें महाड नगरपालिकेनें तळें सर्वांस खुलें केलें, तरी लोकांनीं पाणी घेऊं दिलें नाहीं, आणि अखेर १९३७ सालीं हायकोर्टाचा निकाल लागला, हें सर्व आम्हीं वर्गांत सनावळीसह शिकविलें. लुगड्याची गोष्ट आम्हीं एकदांहि शिकविली नाहीं. पुस्तकांत नव्हती असें म्हणतां येईल. पण ज्यांच्या घरांत ती होती तीं मुलें आमच्या वर्गांत बसत होतीं, आणि आम्हीं त्यांना ‘हलूं नका’ एवढेंच सांगितलें.

भाची कांहीं बोलली नाहीं. वाद घालावयास ती कचरत नाहीं, हें वर आलेंच आहे. पण ती खालीं बसली आणि एकेक गोट वधूच्या हातांतून स्वतः उतरवूं लागली. तिचे कान लाल झाले होते. मग तिनें विचारलें, ‘आजी, तुमच्या आई कशा नेसायच्या? फोटो आहे का त्यांचा?’

‘व्हता. म्हाडास लेकाकडं भितीवर व्हता. पुरांत गेला. नुसती काच ऱ्हायली.’

पुढें जें झालें तें कोणीं ठरविलेलें नव्हतें. म्हातारीनें काठी भिंतीला टेकविली, तेंच इरकली लुगडें हातांत घेतलें आणि नातसुनेला स्वतः नेसवावयास आरंभ केला. पहिला वेढा, गांठ, मग पुढच्या निऱ्या. बोटें थरथरत होतीं, पण निरीला निरी बरोबर बसत होती. मध्येंच ती थांबे, डोळे मिटी, जणूं कोणाला तरी आठवून पाही, आणि पुन्हां एक निरी सोडून नव्यानें घाली. लुगडें घोट्यापर्यंत आलें, तसें तिनें वांकून कांठ हातानें सारखा केला. भाचीनें कॅमेरा केव्हां उचलला तें आम्हांस कळलें नाहीं. तिनें वधूचें चित्र घेतलें नाहीं. निऱ्या घालणारे ते हात घेतले. अंगणांतून ऊन पडवीच्या कडेपर्यंत येत होतें व हात छायेंत होते. ‘मामा,’ ती हळूच म्हणाली. आम्ही पुढें होऊन तबकडी कलती केली आणि तो उजेड त्या हातांवर नेऊन ठेवला. ह्या खेपेस डावीकडे-उजवीकडे कांहीं सांगावें लागलें नाहीं.

नंतर तळ्यावर जीं चित्रें निघालीं तीं चांगलींच होतीं. पायऱ्यांवर निळ्या सुटांतला तो व हिरव्या लुगड्यांतली ती, दोघेंहि हात मोकळे सोडून सरळ कॅमेऱ्याकडे पाहत उभीं. कोणी लाजलें नाहीं. शेवटीं तिनें ओंजळ भरून पाणी घेतलें, तेंहि भाचीनें टिपलें. घागर स्कूटरवर तशीच बांधलेली राहिली.

परतीच्या वाटेवर आम्ही आजींना घरीं सोडावयास गेलों. चहा झाला. भाचीनें कॅमेऱ्याच्या पाठीवर त्यांना त्यांचेच हात दाखविले. आजींनीं तो इवलासा चौकोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हां जवळ आणला.

‘माझे न्हाईत हे,’ त्या म्हणाल्या. ‘आयचे हाईत.’ आणि थोड्या वेळानें: ‘मोठा करून दे. आन् चवकट अशी कर, का आत पानी शिरायचं न्हाई.’

काचेऐवजीं काय बसवितां येईल, मागची फळी कशानें बंद करावी, भिंतीवर किती उंचावर टांगावी, ह्याची बोलणीं बराच वेळ चाललीं. भाची तें सर्व मोबाईलवर टिपून घेत होती. आम्ही अंगणांत तबकडीला पीळ देत होतों. ती मिटेना. तीन वेळां हातांतून निसटून उलगडली, आणि चौथ्या खेपेस कोंबड्यांच्या अंगावर जाऊन पडली, तेव्हां आजी पडवींतून मोठ्यानें हंसल्या आणि त्यांनीं नातसुनेला आमच्या मदतीस धाडलें.